वाडा-माजघर नॉट फाउंड

आमच्या घरात सर्वांत कमी झोपणारा सदस्य म्हणजे माझ्या टेबलाखालचा सर्व्हर. त्या संध्याकाळी लाइट गेली तेव्हा तो सलग १४३ दिवस जागा होता. आकडा मला तोंडपाठ होता, कारण रोज सकाळच्या चहाबरोबर ‘अपटाइम’ ही आज्ञा देऊन तो वाचायचा माझा नेम होता. मोटरसायकलवाले अ‍ॅव्हरेज सांगतात, डायबेटिसवाले साखर सांगतात, लिनक्सवाले अपटाइम सांगतात. ऐकणाऱ्याला तिन्हींत सारखाच रस असतो.

लाइट जाणे ही काही बातमी नव्हे. घरात इन्व्हर्टर होता. पण त्याच्या बॅटरीत पाणी घालायचे काम माझ्या वाटणीला आले होते आणि ते मी गेल्या गणपतीनंतर केलेले नव्हते, हे बायकोने अंधारातच सांगितले. अंधारात तिचा आवाज जास्त स्पष्ट येतो.

तासाभराने लाइट आली. पंखे फिरले, फ्रिज गुरगुरला, शेजारच्या जोश्यांचा कुत्रा भुंकायचा थांबला. सर्व्हरनेही डोळे उघडले. पडद्यावर अक्षरे पळाली, मग थांबली. आपण एका डिव्हाइससाठी १० सेकंद वाट पाहत आहोत, असे त्याने कळवले. दहा सेकंद ही तशी सभ्य मुदत आहे. आमच्याकडे गॅसवर दूध ठेवून गेलेल्या माणसासाठीही कुणी इतके थांबत नाही. दहा सेकंद झाले आणि पडद्यावर उमटले: ‘एरर: डिव्हाइस वाडा-माजघर नॉट फाउंड.’ खाली आणखी एक ओळ होती: तुम्हाला आता इमर्जन्सी शेलमध्ये सोडण्यात येत आहे. ‘सोडण्यात येत आहे’ हे मी सौम्य केले. मूळ शब्द ‘ड्रॉप्ड’ आहे. टाकण्यात येत आहे.

आई जपमाळ घेऊन मागे येऊन उभी होती. तिने चष्मा सारखा करून एकेक शब्द लावून वाचले. म्हणाली, “वाडा माजघर नॉट फाउंड… आता कशाला सापडतोय? बिल्डरला देऊन बारा वर्षं झाली.”

तर तिचा काही दोष नाही. गावभागातला आमचा वाडा गेला तेव्हा त्याची आठवण म्हणून मी सर्व्हरच्या व्हॉल्यूम ग्रुपला ‘वाडा’ नाव दिले होते. ज्यात लिनक्स स्वतः राहते तो भाग, म्हणजे रूट, ‘माजघर’, आणि ज्यात आमचा सगळा ऐवज आहे ते ‘कोठार’. ऐवज म्हणजे वडिलांच्या कीर्तनांचे रेकॉर्डिंग, चार पिढ्यांचे फोटो, आणि आमच्या सोसायटीचे हिशेब. मी सेक्रेटरी आहे. ४४ फ्लॅटची मेंटेनन्सची बिले एक तारखेला याच डब्यातून निघतात, आणि त्या दिवशी तीस तारीख होती.

हा सगळा थाट उभा राहिला तो २०१९ च्या पुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली. आम्ही तेव्हा या तिसऱ्या मजल्यावर होतो, पण फोटोंची ट्रंक काकांच्या तळमजल्यावर होती. पुढचे पंधरा दिवस आम्ही आजोबा-पणजोबांना दोरीवर वाळत घातले. जे वाचले ते स्कॅन केले, आणि मी ठरवले की आता प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती. तिथून मी, जरा उशिरानेच, रेडकडे गेलो.

रेड ही कल्पना बर्कलेच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या एका निबंधात मांडली. एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त डिस्कांची फळी उभी करा, एखादी पडली तर बाकीच्या सांभाळतील. त्या नावातल्या ‘आय’चा अर्थ तेव्हा ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे स्वस्त, असा होता. पुढे विकणाऱ्यांच्या लक्षात आले की स्वस्त म्हणून विकलेली वस्तू स्वस्तातच द्यावी लागते; मग तोच ‘आय’ ‘इंडिपेंडंट’ झाला. रेड-एक हा प्रकार सर्वांत सोपा. दोन डिस्का, दोहोंवर अक्षर न् अक्षर तेच. लिनक्समध्ये यासाठी वेगळे कार्ड लागत नाही, सॉफ्टवेअरच ते काम करते. त्याला ताब्यात ठेवणारे हत्यार म्हणजे ‘एमडीएडीएम’. हे नाव तीन वेळा भरभर म्हणून बघा. मला अजून जमलेले नाही.

रेडच्या वर मी एलव्हीएम बसवले होते. हे मात्र मराठी माणसाला एका वाक्यात समजते, कारण ते जमिनीच्या वाटणीसारखे आहे. डिस्का म्हणजे जमिनीचे तुकडे, फिजिकल व्हॉल्यूम. ते सगळे एका नावावर केले की व्हॉल्यूम ग्रुप: एकत्र कुटुंबाची सामाईक जमीन. त्यातून ज्याला जेवढे हवे तेवढे काढून दिले की लॉजिकल व्हॉल्यूम: भावाभावांचे हिस्से. मोजायचे एकक एक्स्टेंट, सहसा ४ मेगाबाइटचा, आपला गुंठाच. कुणाचे किती गुंठे कुठे आहेत याचा उतारा प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेला असतो. आणि एखाद्या भावाची जमीन थोडी नदीकाठी, थोडी माळावर अशी विखुरलेली असली तरी त्याला ती सलग दिसते, वाढवता येते, दुसरीकडे हलवता येते. लिनक्ससाठी हे १९९८ मध्ये हाइन्झ माउल्सहागेन या जर्मन गृहस्थांनी लिहिले. आमच्या तालुक्यात एका फेरफाराला ते लिहून होण्यापेक्षा जास्त वेळ लागला आहे.

चार-पाच महिन्यांपूर्वी जुनी एकुलती डिस्क कटकट आवाज करायला लागली. मी मुंबईला गेलो होतो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून २ टेराबाइटच्या दोन नव्या डिस्का आणल्या, त्यांचा रेड बांधला, तो वाड्याच्या जमिनीत सामील केला आणि ‘पीव्हीमूव्ह’ ही आज्ञा दिली. ही आज्ञा जुन्या जमिनीवरचे सगळे गुंठे एकेक करून नव्या जमिनीवर नेते, तेही चालू संसारात. सर्व्हर बंद करावा लागला नाही. माजघरात पंगत बसली आहे, आणि आख्खा वाडा उचलून दुसऱ्या प्लॉटवर ठेवला, तरी कुणाच्या पानातली आमटी हलली नाही! जुनी डिस्क वाड्यातून कमी केली, काढली, आणि मी त्या रात्री भाच्याला मेसेज केला: ‘रीबूट न करता रूट हलवले.’ त्याने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ ‘शाब्बास’ नसून ‘बघू’ असा होता, हे मला १४३ व्या दिवशी कळले.

भाचा नेदरलँड्समध्ये, आयंधोवनला असतो. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे सहा, तो नुकताच घरी आला होता.

“मामा, पडद्यावर काय दिसतंय?”

“इमर्जन्सी शेल.”

“बरं. कॅट, स्पेस, स्लॅश, प्रॉक, स्लॅश, एमडीस्टॅट.”

“स्लॅश कुठला? पुढे झुकलेला की मागे रेललेला?”

“पुढे झुकलेला. कामाला निघालेला.”

मी टंकले. उत्तर आले, अशी फाइल नाही.

“म्हणजे रेडचं मॉड्यूलच आलेलं नाही. आता एमडीएडीएम, स्पेस, डॅश डॅश असेंबल, स्पेस, डॅश डॅश स्कॅन.”

“डॅश दोनदा?”

“दोनदा.”

“मायनस मायनस प्लस,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती गणित शिकवते.

उत्तर आले: एमडीएडीएम, नॉट फाउंड. पलीकडे शांतता पसरली. भाचा सायकलवरून उतरून उभा राहिला असावा असे मला वाटले, पण तो घरातच होता आणि खिचडी लावत होता.

“मामा, हुक लावला होता का?”

कसला हुक, ते सांगतो. संगणक सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी येतो. पण कर्नलला माजघरात जायचे तर आधी रेड जुळवावा लागतो, मग एलव्हीएमचा उतारा वाचावा लागतो, तेव्हा कुठे दार दिसते. हे करणारी हत्यारे तर आत माजघरात. म्हणून कर्नलच्या हातात एक छोटी चंची दिलेली असते. तिचे नाव इनिटरॅमएफएस. तिच्यात लागतील तेवढीच हत्यारे, लागतील तेवढीच मॉड्यूल्स. ती मेमरीत उलगडते, दार उघडून देते आणि नाहीशी होते. घरातल्या कुणाला ती कधी दिसत नाही. मोलकरीण चार दिवस आली नाही की तिचे महत्त्व कळते, तसे हिचे आहे.

काही लिनक्स ही चंची आपल्या आपण भरतात. मी आर्च लिनक्स वापरतो. आर्च वापरणारा माणूस ओळख झाल्यावर पाच मिनिटांत ते सांगतो, अशी त्याची जगभर थट्टा होते; मी बराच वेळ दम धरला हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आर्चमध्ये चंचीत काय भरायचे त्याची यादी स्वतः लिहावी लागते. एकेका नोंदीला हुक म्हणतात. माझ्या यादीत एलव्हीएमचा हुक होता, कारण जुन्या डिस्कवरही एलव्हीएमच होते. रेड नवा. त्याचा हुक मी लिहिला नव्हता. चालू सर्व्हरला त्याचे काहीच वाटले नाही, कारण तो आतच बसलेला होता. दाराबाहेर जायची वेळच आली नव्हती. म्हणजे तलाठी उतारा घेऊन हजर, पण शेतापर्यंत जायला पाणंदच नाही. किल्ली कपाटात, कपाटाला कुलूप. आणि रेडची माहिती लिहिलेली फाइल कुठे? माजघरात. एलव्हीएम दर बदलाला उताऱ्याची नक्कल काढून ठेवते, ती कुठे? माजघरात. सावधगिरीच्या सगळ्या वस्तू मी आत ठेवून बाहेरून कडी लावली होती.

“पण मामा, एका दृष्टीनं बरं झालं,” भाचा म्हणाला. तिकडे शिट्टी झाली. “तुमच्या रेडची खूण डिस्कच्या सुरुवातीला आहे, चार किलोबाइट आत. त्यामुळे नुसत्या डिस्ककडे बघून एलव्हीएमला आपला उतारा ओळखू आला नाही. जुन्या पद्धतीत ही खूण डिस्कच्या शेवटी असायची. मग एलव्हीएमला वाटायचं, ही आपलीच जमीन. दोनांतल्या एकाच डिस्कवर संसार सुरू व्हायचा, दुसरी तशीच राहायची. महिन्यानं दोघी वेगवेगळं सांगायच्या.”

दोन डिस्का वेगवेगळी साक्ष देत आहेत आणि खरी कोण ते कुणालाच ठाऊक नाही, हे चित्र मला कोर्टातल्या आमच्या वाटणीच्या दाव्यामुळे फार स्पष्ट दिसले. मी माणुसकीच्या नात्याने गप्प राहिलो.

इमर्जन्सी शेलबद्दल चार शब्द बोललेच पाहिजेत. तिथे जो भेटतो त्याचे नाव बिझीबॉक्स. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियनच्या एका फ्लॉपीवर सगळे मावावे म्हणून तो बनवला. एकच प्रोग्रॅम, पण ‘कॅट’ म्हणून हाक मारली की कॅट होतो, ‘एलएस’ म्हटले की एलएस होतो, ‘माउंट’ म्हटले की माउंट. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांसारखा. शिकवणे, खिचडी, जनगणना, निवडणूक, सगळे एकाच माणसाकडे. फक्त रेडचे विचारले की तो म्हणतो, ते आमच्याकडे नाही. त्याने येताच जाहीर केले होते की ‘जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ’. नोकरीवरचा ताबा गेला. मास्तर हे येऊन लगेच सांगत नाहीत, एवढाच फरक.

आता पेनड्राइव्ह हवा होता. त्यावर आर्चचे जिवंत रूप उतरवायचे, त्यावरून संगणक सुरू करायचा आणि बाहेरून वाड्यात शिरायचे. टेबलाच्या खणात तीन पेनड्राइव्ह निघाले. पहिल्यावर आरत्या. दुसऱ्यावर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. कुणाच्या ते बायकोलाही ओळखता येईना, पण जेवण चांगले होते असे ती म्हणाली. तिसरा कोराच होता. मुलीचा लॅपटॉप मागितला. तिचे सबमिशन होते, त्यामुळे तो रात्री साडेअकराला मिळाला, तोही ‘काही इन्स्टॉल करायचं नाही’ या अटीवर.

पेनड्राइव्हवरून सर्व्हर उठला. रेड त्याने आपल्या आपण जुळवलेलाही होता, पण त्याला नाव दिले होते ‘एमडी १२७’. मी बांधला होता तो एमडी शून्य. माझ्या पोटात गोळा आला.

“घाबरू नका,” भाचा म्हणाला. “ज्याची ओळख पटत नाही त्या रेडला १२७ पासून खाली नंबर देतात.”

म्हणजे धर्मशाळेतली शेवटची खोली. माझ्या घरच्या डिस्कांना माझ्याच टेबलाखाली परगावचे पाहुणे म्हणून उतरवून घेतले होते. एलव्हीएमला मात्र नावगावाशी देणेघेणे नसते, ते अंगावरची जन्मखूण बघते. ‘व्हीजीचेंज’, डॅश, ए, वाय, एवढे म्हटल्यावर ओळ आली की वाडा या ग्रुपमधले दोन लॉजिकल व्हॉल्यूम आता सक्रिय आहेत. मी माजघर माउंट केले आणि आत डोकावलो. सगळे जागच्या जागी होते. पानातली आमटीसुद्धा.

“आई, सापडला वाडा!” मी ओरडलो. आई झोपली होती.

मग मी यादीची फाइल उघडली, रेडचा हुक एलव्हीएमच्या आधी लिहिला, चंची नव्याने भरायची आज्ञा दिली. ती काहीतरी पुटपुटली. मला तो होकार वाटला. रीबूट केले. दहा सेकंद. वाडा-माजघर नॉट फाउंड.

हा प्रसंग मी भाच्याला तेव्हा सांगितला नव्हता, आता इथे पहिल्यांदा सांगतो आहे. मी यादी सुधारली होती ती पेनड्राइव्हवरच्या लिनक्सची. पाहुणा आपल्या घरी उतरला म्हणून त्याच्याच बॅगेतले कपडे नीट घड्या घालून ठेवावेत, आणि आपले कपाट तसेच राहावे, त्यातला प्रकार. वाड्याच्या आत जाऊन वाड्याची यादी बदलायची तर आधी ‘सीएचरूट’ करावे लागते: आता हेच माझे घर, असे यंत्राला पटवावे लागते. दीड वाजता पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा एमडी १२७, पुन्हा माउंट, आणि या वेळी आत पाऊल ठेवून दार लावून घेतले.

हुक लिहिला. रेडची माहिती त्याच्या फाइलीत जोडली. जोडताना ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह दोनदा द्यायचे असते. एकदाच दिले तर जुने सगळे पुसून नवे लिहिले जाते. भाच्याने हे तीन वेळा बजावले, आणि मी तीन वेळा ‘हो रे’ म्हटले. या आवाजात मी आयुष्यभर वडिलांना ‘हो हो’ म्हणत आलो आहे, आणि आता तोच मला दुसऱ्या बाजूने ऐकू येत होता. चंची भरली. या वेळी ती पुटपुटली नाही, एकेका हुकाचे नाव घेऊन ‘बिल्ड हुक’ असे हजेरीसारखे म्हणत गेली, आणि त्या हजेरीत रेडवाल्याचे नाव होते.

रीबूट. पडदा काळा झाला. मग अक्षरे, मग लॉगिन. मी परवलीचा शब्द दोनदा चुकवला.

“मामा, एमडीस्टॅट वाचा.”

पहिली ओळ ‘पर्सनॅलिटीज’ अशी असते. लिनक्सच्या भाषेत रेडच्या प्रकाराला ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतात, ते मला फार आवडते. माझ्या रेडचे व्यक्तिमत्त्व: एक. दोनांत दोन डिस्का हजर. आणि शेवटी चौकटी कंसात इंग्रजी ‘यू’ दोनदा. एक यू म्हणजे एक डिस्क ‘अप’. एखादी पडली असती तर तिच्या जागी नुसती खालची रेघ दिसली असती. मी आनंदाने मोठ्याने वाचले, “यू, यू!”

जोश्यांचा कुत्रा खिडकीखाली येऊन उभा राहिला. रात्रीचे सव्वादोन वाजले होते.

“छान,” भाचा म्हणाला. “आणि मामा, बॅकअप कुठे आहे?”

“अरे, दोन डिस्का आहेत की.”

“एकाच डब्यात. पूर आला तर दोन्ही बरोबरच भिजणार. चुकून फोटो डिलीट केला तर दोन्हीकडून एकदमच जाणार. रेड म्हणजे बॅकअप नव्हे.”

“आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत,” मी म्हणालो. पलीकडून अंगठा आला. त्याचा अर्थ या वेळी मला लगेच कळला. दुसऱ्या रविवारी एक बाहेरची डिस्क घेऊन सगळे कोठार तिच्यावर उतरवले आणि मिरजेला बहिणीकडे नेऊन ठेवली. बहिणीने ती देवघराच्या फडताळात ठेवली आहे.

इन्व्हर्टरमध्ये पाणी घातले. रेडच्या एका डिस्कची तारही एकदा मुद्दाम काढून बघितली. सर्व्हर एका यूवर उठतो. ‘अपटाइम’ बघायचा नेम मोडला, आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, मुलीचा लॅपटॉप मोकळा असताना, मी होऊन रीबूट करतो. आई विचारते, “सापडला का रे वाडा?” मी हो म्हणतो.

तपासणीचे हे सगळे सव्यापसव्य उरकेपर्यंत त्या महिन्याची मेंटेनन्सची बिले मी काढली नाहीत. ती आठ तारखेला निघाली. ४४ सभासदांपैकी एकानेही उशिराबद्दल तक्रार केली नाही.